सोमाच्या ओंजळीतला पोवळा

त्या वर्षी आमच्या फौजी कंपनीचा एक्सरसाइज, म्हणजे युद्धसराव, वर्धा जिल्ह्यात लागला. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. आर्वीच्या वरच्या अंगाला सागाचं जंगल आहे, त्याच्या कडेला आमचा तळ पडणार होता. फॉलइनमध्ये, कंपनी रांगेत उभी असताना, ऑर्डर वाचून झाली आणि सुभेदार जाधव साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "थूल, तुझ्या मुलखात चाललोय लगा. पाहुणचार बघू आता." साहेब साताऱ्याकडचे. कंपनी हसली. मीही हसलो.

मी आंजी मोठीचा. तेव्हा हवालदार होतो, एका सेक्शनचा कमांडर. आम्ही इंजिनिअर्स, म्हणजे सॅपर. पूल बांधणं, सुरुंग पेरणं आणि काढणं, खंदक खणणं हे आमचं काम. काश्मीरमध्ये मी पोटावर झोपून सुरुंग निकामी केले आहेत. जंगलाचं नाव निघालं तेव्हा मात्र मला आधी गवत आठवलं.

मला सापाची भीती वाटते. हे वाक्य मी नोकरीभर कुणापुढे उच्चारलं नाही. बायकोपुढेही नाही. त्याला कारण नाही. लहानपणी मला साप चावला नव्हता, घरात कुणी सापानं दगावलं नव्हतं. पण साप दिसला की माझं शरीर माझं ऐकत नाही. कानात आवाज सुरू होतो आणि समोर जे काही चाललं असेल ते लांब जातं. फौजेत अशी गोष्ट सांगायची नसते. ज्याच्या हाताखाली दहा माणसं आहेत त्यानं तर नाहीच. मी ती लपवायला शिकलो. बूट घालायच्या आधी ते दोनदा झटकायचे आणि कुणी पाहिलं तर "खडा गेला" म्हणायचं. झोपताना ब्लँकेटच्या कडा अंगाखाली घ्यायच्या. गवतातून जायचं झालं तर पुढे दुसऱ्याला पाठवायचं आणि त्याला डिसिप्लिनचं नाव द्यायचं.

माझ्या सेक्शनमध्ये नाईक सोमा उईके होता. कारंजाच्या पुढं जंगलाला लागून त्याचं गाव. गोंड घरातला, बुटका, रुंद खांद्यांचा. आम्ही एकाच जिल्ह्याचे, म्हणून दोघंच असलो की रँक बाजूला पडायचा आणि घरची भाषा यायची. मला भीती वाटते हे त्याला माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं. बूट झटकताना त्यानं एकदा मला पाहिलं आणि म्हणाला, "दोन खेपा खडा जाते काय बे तुह्या बुटात?" नंतर तो विषय त्यानं कधी काढला नाही. पण पुढच्या वेळी गवत आलं की न सांगता तो माझ्या पुढं चालू लागायचा.

तळ पडला. पहिले काही दिवस नेहमीसारखे गेले. पहाटे स्टँड-टू, म्हणजे उजाडताना हल्ला होईल असं धरून सगळ्यांनी हत्यारासह आपापल्या जागी उभं राहायचं. मग चहा, मग खणणं. पिकॅक्स, बेलचा म्हणजे फौजी फावडं, आणि घाम. सोमाचं गाव तिथून दोन-तीन गावं पलीकडे. एका रविवारी त्याची बायको सुमन तळाच्या दोरीपर्यंत आली. ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा आणि अंबाडीची भाजी. अर्ध्या भाकरी जाधव साहेबांनीच संपवल्या.

"उईके, ही तुझी मंडळी एक्सरसाइजवर घ्यायला पाहिजे रं."

"साहेब, ते आली त मले कोण इचारन?"

सुमन वहिनी तोंडाला पदर लावून हसली. जाताना मला म्हणाली, "थूल भाऊ, सुट्टी भेटली का तुमी बी येजा घरी. तिखट रांधीन." मी येतो म्हणालो.

आम्हाला प्लाटूनचं डिफेन्स खणायचं होतं. पुढं फायर ट्रेंच, म्हणजे गोळी चालवायचा खंदक, आणि त्याला जोडून मागं सामानाचा एक चौकोनी खड्डा. त्याला आम्ही स्टोअर बे म्हणतो. खोली माणसाच्या डोक्याइतकी. इतक्या खोल खड्ड्याच्या भिंती तशाच सोडायच्या नसतात. लाकडाच्या बल्ल्या उभ्या ठोकायच्या, त्यांच्या मागं पत्रे किंवा फांद्यांच्या ताट्या सरकवायच्या आणि भिंतीला आधार द्यायचा. याला रिव्हेटमेंट म्हणतात. आधार नाही तर आत माणूस नाही. सॅपरला हे पहिल्या महिन्यात शिकवतात.

मला तर शिकवायचीही गरज नव्हती. तिथं वर काळी माती होती, खाली मुरूम. काळी माती मी जन्मापासून पाहतो. कोरडी असताना ती भेगाळते आणि दगडासारखी उभी राहते. पाणी पडलं की फुगते आणि मग धपकन कोसळते. आंजीत विहिरीच्या खोदकामावर माणसं याच मातीखाली गेलेली आहेत. पंजाबच्या किंवा केरळच्या हवालदाराला हे माहीत नसतं तर चाललं असतं. मला माहीत होतं.

बल्ल्यांचा ढीग एका मोहाच्या झाडाखाली होता. आधीच्या कुठल्या तरी कामाच्या त्या तिथंच पडून होत्या, पावसाळाभर. सागाची पानं त्यांच्यात अडकून कुजली होती. आमच्या सेक्शनमध्ये एक रीत होती. ओझं उचलायचं झालं की पहिला हात कमांडरचा. माझ्या आधीच्या हवालदारानं ती घातली होती आणि मी चालू ठेवली होती. पोरांना ती आवडायची.

पुढच्या ट्रेंचच्या बल्ल्या ढिगाच्या वरच्या थरातून निघाल्या. दुपारनंतर स्टोअर बेसाठी खालचा थर हलवायला मी आणि सोमा गेलो. मी पहिला हात घातला. बल्ली उचलली. तिच्याखाली ओल्या पानांत काहीतरी हललं.

पेन्सिलीएवढा जाड. वीतभराहून जरा लांब. वरून फिक्या तपकिरी रंगाचा, वाळल्या काडीसारखा. एक टोक काळं. तो पळाला नाही. अंगाची वेटोळी करून त्यानं एक टोक वर उचललं आणि ते आतल्या बाजूनं उलटं वळवलं. त्या टोकाच्या खालचा रंग निळसर होता, आणि वळलेल्या पोटाचा लालभडक. ते टोक माझ्याकडे रोखून हलत होतं.

मला ते डोकं वाटलं. बल्ली माझ्या हातातून सुटली.

"अबे, शेपूट हाय ते," सोमा हळूच म्हणाला. "डोस्कं पाय, इकडं लपवलं हाय त्यानं. अंगाखाली."

मी काही पाहिलं नाही. मी चार पावलं मागं होतो.

"याले आमच्या घरी मारत नाई," सोमा उकिडवा बसत म्हणाला. "मातीतच राह्यते. ते गांडुळासारखे आंधळे साप राह्यतात ना, त्याईले खाते. जहर नाई याले."

शेवटचं वाक्य चुकीचं होतं. ते मला पुष्कळ नंतर कळलं.

सोमानं काडीनं त्याला सारायचा प्रयत्न केला. तो बल्ल्यांच्या खालच्या थरात शिरला. म्हणजे ज्या मला उचलायच्या होत्या त्यांच्यात. तेवढ्यात पाण्याच्या टँकरवरून सोमाला बोलावणं आलं. तो उठला.

"मी येतो मंग उचलू. तू थांब," तो म्हणाला.

तो गेला. मी ढिगाकडे बघत उभा राहिलो. मागं सेक्शनची पोरं वाट बघत होती. सॅपर पाटोळे पुढं आला. जालन्याचा पोरगा, नुकताच ट्रेनिंगमधून आलेला. "हवालदार, उचलायच्या का?"

मी पुढं व्हायला हवं होतं. पहिला हात माझा. मी दोनदा वाकलो. दोन्ही वेळा हात पानांपर्यंत गेला आणि थांबला. पोरांना वाटलं असेल मी बल्ली निवडतोय. साप आहे असं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पोरांनी ढीग उपसला असता, एखाद्यानं हसून त्याला काठीवर उचललं असतं. पण तोंड उघडलं तर आवाज कापेल याची मला खात्री होती.

"बस," मी म्हणालो. "आजचं काम झालं."

संध्याकाळी पाटोळेच्या वायरलेस सेटवर जाधव साहेबांचा आवाज आला. चार्ली टू म्हणजे आमचा सेक्शन. "चार्ली टू, रिव्हेटमेंट रिपोर्ट दो. ओव्हर."

मी हँडसेट घेतला. "चार्ली टू. रिव्हेटमेंट कम्प्लीट. ओव्हर."

"पीछे का बे भी? ओव्हर."

"पीछे का भी. ओव्हर."

"शाबाश. आउट."

पाटोळे माझ्याकडे बघत होता. मी त्याला म्हणालो, "सकाळी उजाडताच करून टाकू. साहेबांना कशाला त्रास." त्यानं मान हलवली. नवीन पोरगा. हवालदार म्हणेल ते खरं.

सोमा अंधार पडताना परतला. त्यानं बे पाहिला.

"मांगचं राह्यलं काय?"

"सकाळी करू."

"पाणी आलं त माती फुगन, थूल."

"आभाळ कुठं हाय?"

त्यानं वर पाहिलं. आभाळ खरंच नव्हतं. माझ्याकडेही पाहिलं, आणि मला वाटतं त्याला सगळं कळलं. "बरं," तो म्हणाला. "सकाळी मी उचलतो. तू नुसता उभा राह्य."

त्या वाक्यानं मला सुटल्यासारखं झालं. शांत झोप लागली. पहाटेपूर्वी पाऊस आला. फार नाही, एक जोराची सर. टेंटवर तिचा आवाज ऐकला तेव्हा माझ्या मनात मातीचा विचार आला नाही. पावसानं साप वर येतात, हा विचार आला. मी ब्लँकेट पायाखाली आवळून घेतलं.

स्टँड-टू झाला. चहा झाला. ऊन पडलं. ट्रेंचमध्ये पाणी साठलं होतं, ते पोरं डब्यांनी उपसत होती. सोमा मागच्या बेमध्ये उतरला, तिथं ठेवलेली अवजारं भिजत होती म्हणून. मी त्याला उतरताना पाहिलं. "सोमा, बाहेर ये, आधी बल्ल्या," एवढं म्हणायला एक श्वास पुरला असता. पण तसं म्हटलं असतं तर बल्ल्या नाहीत हे मोठ्यानं बोलल्यासारखं झालं असतं, आणि जाधव साहेब पुढच्या ट्रेंचवर उभे होते.

"ओ हवालदार साहेब," सोमानं खालून हाक मारली. आवाजात हसू होतं. "तुहा पाव्हणा आला पाय."

मी कडेला गेलो. तो गुडघाभर चिखलात उभा होता. दोन्ही हातांची ओंजळ केली होती आणि ओंजळीत ओली माती होती. त्या मातीत तो साप. रात्री पाण्यासोबत आत पडला असणार. काळं डोकं मातीत खुपसलेलं आणि शेपटीचं टोक वर, वळवलेलं.

सोमानं ओंजळ माझ्या दिशेनं वर केली. "पाण्यात मरून जाईन बिचारा. मातीसकट घे अन् पानात सोडून दे. मंग मी वर येतो."

त्याला वर यायला दोन्ही हात लागणार होते. कडेला धरायला काही नव्हतं, म्हणून मातीतच पायऱ्या खोदल्या होत्या. ओंजळ रिकामी झाल्याशिवाय त्याला चढता येणार नव्हतं. तो साप खाली टाकू शकला असता. त्यानं टाकला नाही.

"घे ना बे," तो म्हणाला. "काही नाई करत. मी हाय ना."

मी हात पुढं केला. खरंच केला. मग ते टोक हललं आणि मी मागं झालो.

सोमा तसाच उभा राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता. कुणीतरी दुसरा येईल आणि घेईल म्हणून ओंजळ वर धरून तो वाट बघत होता. "पाटोळे," त्यानं हाक मारली. "अरे पाटोळे, इकडं ये."

भिंत त्याच्या पाठीमागून आली. आवाज मोठा झाला नाही. गोणी टाकावी तसा, एकदाच. मी पाहिलं तेव्हा बेमध्ये काळी माती होती आणि सोमा नव्हता.

जाधव साहेब धावले. पाटोळेनं सेट उचलला. "चार्ली टू, कॅज्युअल्टी, एक, मिट्टी के नीचे. ॲम्ब्युलन्स भेजो. ओव्हर." कुणी ओरडलं नाही. अशा वेळी बेलचा किंवा पिकॅक्स वापरायचा नसतो, खालच्या माणसाला लागतो. आम्ही हातांनी उपसू लागलो. सहा-सात जण, मी मधोमध. माती जड होती, ओली, नखांत भरत होती. मी त्याचं नाव घेत होतो. आधी त्याची मनगटं लागली. ओंजळ छातीशी आली होती. बोटं मिटलेली होती पण आवळलेली नव्हती. आत पोकळी राहिली होती.

त्या पोकळीतून तो साप बाहेर आला. माझ्या हातावरून गेला.

पाटोळे ओरडला, "साप!"

आणि मी हुकूम दिला. "पीछे हटो! सब पीछे!"

माझा आवाज मोठा आहे. परेडवर दूरपर्यंत जातो. सगळे मागं सरले. फौजेत हवालदारानं मागं व्हा म्हटलं की माणूस मागं होतो, का ते नंतर विचारतो. मी सगळ्यांत मागं होतो. सोमाच्या तोंडावर अजून वीतभर माती होती.

साप गेला. कुणाकडेही न बघता, ढेकळांच्या फटीतून, जिथून आला होता त्या मातीत शिरला. त्याला तिथं काहीच अडचण नव्हती. मग जाधव साहेबांनी मला खांद्याला धरून बाजूला केलं आणि ते स्वतः उतरले. "उपसा रं! काय बघताय!" पोरं पुन्हा खाली गेली. मी वर उभा होतो.

आर्वीच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत सोमा गेला होता. डॉक्टरांनी श्वास कोंडल्याचं सांगितलं. अंगावर दंश नव्हता.

चौकशी झाली. मला विचारलं, बेला आधार का नव्हता. मी सावधानमध्ये उभा होतो. म्हणालो, आधार दिला होता. पाण्याला वाट करायला नाईक उईकेनं सकाळी बल्ल्या काढल्या असाव्यात. पाटोळेला विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, मी पाहिलं नाही. बाकीच्या पोरांना कुणी विचारलं नाही. मागं हटायच्या हुकमाबद्दल विचारलं. मी म्हणालो, विषारी साप होता, माणसांना धोका होता. त्यावर कुणी बोट ठेवलं नाही. उलट एक अधिकारी म्हणाले की घाबरलेल्या पोरांना मी सांभाळलं.

पाटोळे पुढच्या वर्षी दुसऱ्या युनिटला गेला. जाधव साहेब पेन्शनवर गेले. दोघांनीही मला कधी काही विचारलं नाही.

मी रिटायर होऊन सिंदी मेघेला घर बांधलं. गेल्या पावसाळ्यात अंगणातली जुनी कुंडी हलवताना शेजारच्या बाई ओरडल्या. मी बाहेर गेलो. कुंडीच्या बुडाशी तोच होता. काळं डोकं, वर उचललेलं निळसर शेपूट. मी दाराला धरून उभा राहिलो आणि सर्पमित्राला फोन करायला सांगितला. एक तरुण मुलगा मोटरसायकलवर आला. बरणीत घेऊन त्यानं तो मला दाखवला. मी लांबूनच पाहिला.

"पोवळा आहे काका," तो म्हणाला. "पोट बघा, पोवळ्यासारखं लाल. डोकं काळं, मानेवर पिवळे ठिपके, शेपटीवर दोन काळी कडी. सहसा दिसत नाही हा. पालापाचोळ्याखाली, दगडाखाली, मऊ मातीत असतो. पाऊस पडला की बिळात पाणी शिरतं म्हणून वर येतो. वाळे खातो, म्हणजे ते गांडुळासारखे बारीक आंधळे साप. अंडी पण मोजकीच घालतो."

"विषारी असतो?"

"विष असतं. पण तोंड इतकं लहान की चावणार कुठे? चावलाच तर सूज आणि खाज येते, मृत्यूचं मी तरी ऐकलेलं नाही. तरी हात लावायचा नाही. आणि हा चावायला बघतच नाही. घाबरला की डोकं लपवतो आणि शेपूट नाचवतो. मारणाऱ्यानं शेपटीवर मारावं म्हणून."

तो बरणी घेऊन गेला. मी त्या दिवशी जेवलो नाही. इतकी वर्षं मी मनाशी एक आधार धरून होतो. हुकूम चुकला असेल, पण साप जीवघेणा असू शकला असता. तो आधार एका बरणीत निघून गेला.

दुसऱ्या आठवड्यात मी एसटीनं कारंजाला उतरलो आणि पुढं सोमाच्या गावी गेलो. जेवायला येतो म्हणालो होतो, तो जात होतो बारा वर्षांनी. सुरुंगाकडे जाताना भीती वाटली नव्हती तेवढी त्या वाटेवर वाटली. एकदा वळून थांब्यापर्यंत परतही आलो होतो.

सुमन वहिनी अंगणात होती. कुदळीनं सांदवाडीतली, म्हणजे घरालगतच्या वाफ्यांतली, माती मोकळी करत होती. केस पांढरे झाले होते. तिनं ओळखलं.

"जय सेवा, थूल भाऊ."

"जय भीम, वहिनी."

तिनं पाणी दिलं. मी बसलो नाही. वांग्याची भाजी, लेकीचं लग्न, पाऊस असं ती बोलत होती. तेवढ्यात तिच्या कुदळीखाली काहीतरी वळवळलं. गांडुळाएवढं, काळपट, चकाकणारं. मी मागं झालो. तिनं न बोलता कुदळीच्या पाठीनं ते ठेचलं. एकदा, दोनदा. मग पायानं माती लोटली.

"तुमच्या घरी मारत नव्हते ना?" मी विचारलं.

"नोते मारत. ते गेले तवापासून मारतो. बारीक साप दिसला का सोडत नाई मी." तिनं कुदळ टेकवली. "गावात म्हन्तात, घरानं जपला अन् घराच्याच मानसाचा जीव घेतला. काई म्हन्तात, उईकेनं लई शहाणपण केलं, बल्ल्या काढल्या. फौजेत जानाऱ्या पोराईले सांगतात, सोमासारखा आगाऊपणा करू नोको. मले आयकू येते."

मी सांगितलं. उभ्यानंच, रिपोर्ट देतात तसं. बल्ल्या त्यानं काढल्या नव्हत्या, मी लावल्याच नव्हत्या. का लावल्या नाहीत ते. सेटवर काय बोललो ते. त्यानं ओंजळ वर केली ते. मी घेतली नाही ते. मग साप बाहेर आला आणि मी काय हुकूम दिला ते.

ती कुदळीच्या दांड्याकडे बघत होती.

"तुमी मांगं व्हा म्हन्लं अन् सारे झाले?"

"होय."

"किती येळ?"

नोकरीतल्या सगळ्या वेळा मला पाठ आहेत. फॉलइन किती वाजता झाला, टँकर कधी आला, सर कधी पडली. ही एक वेळ मला माहीत नाही. मी घड्याळ पाहिलं नव्हतं. मी सापाकडे बघत होतो.

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिनं कुदळीला चिकटलेली माती बोटानं काढली. मला वाटलं आता शिव्या देईल, हाकलून देईल. मी त्याच्यासाठी तयार होऊन गेलो होतो.

"अन् तो साप?"

"जिवंत होता. सोमानं हात आवळले नव्हते. वरून एवढी माती आली तरी त्यानं मुठी वळल्या नाहीत."

तिनं जिथं माती लोटली होती तिकडं पाहिलं.

"मंग मी ज्याईले मारलं ते कोन होते?"

"वाळे असतील. आंधळे असतात. काही करत नाहीत. पोवळा त्यांना खातो."

"म्हन्जे याईचा काईच दोष नोता त्याच्यात."

"नाही."

तिनं कुदळ भिंतीला लावली. पदर खोचला. "मले सांगून काय होते, भाऊ? मी त त्याईले ओळखत होती. बल्ल्या काढन असा मानूस नोता, हे मले ठावं होतं. गावाले सांगा."

"वहिनी..."

"आता. मानसं आहेत पारावर. चाला."

ती पुढं आणि मी मागं असे आम्ही गेलो. वाटेत गवत होतं, घोट्यापर्यंत. बूट झटकायला वेळ नव्हता. पारावर आठ-दहा माणसं होती, दोन-तीन कॉलेजची पोरं. सुमन वहिनी म्हणाली, "हे त्याईचे हवालदार. आयका." आणि बाजूला झाली. कानात तोच आवाज सुरू झाला. या वेळी मी मागं झालो नाही, एवढंच.

सांगून झाल्यावर एक म्हातारा म्हणाला, "इतके दिवस काऊन नाई सांगतलं?"

"भीती वाटत होती," मी म्हणालो.

एक पोरगा उठून निघून गेला. वहिनीनं मला जेवायला थांबा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. मी शेवटच्या एसटीनं परतलो.

जे पारावर बोललो ते इथं लिहून ठेवलं. चौकशीच्या कागदावर वेगळं आहे, तिकडेही मी कळवलं आहे. ते काय करतील ते करोत.

नाईक सोमा उईके, सॅपर. त्यानं बल्ल्या काढल्या नव्हत्या. त्यानं हुकूम मोडला नव्हता. त्याला सापानं नेलं नाही. चिखलात उभा राहून एका वीतभर जनावराला तो कोरड्या जागी पोहोचवत होता, आणि त्याची ओंजळ घ्यायला वर एक माणूस उभा होता.